फाईल म्हणजे कानस

गेममध्ये शोधायच्या यादीत बारा वस्तू होत्या. अकरा सापडल्या होत्या आणि उरलेली बारावी होती ‘फाईल’. चित्र जादूगाराच्या अभ्यासिकेचं. छतापर्यंत ग्रंथ, टेबलावर सुरळ्या, लाखेच्या मोहरा लावलेली पाकिटं, जमिनीवर कागदांचा ढीग. मी त्या कागदांवर पंधरा मिनिटं क्लिक करत होते. उगाच भराभर क्लिक केलं की हा गेम माउसचा बाण काही सेकंद गोठवून ठेवतो. ती शिक्षाही तीनदा भोगून झाली होती. मागच्या खुर्चीत बाबा बसले होते. ते स्क्रीनकडे बघताहेत हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

“फाईल शोधतेयस ना? ती काय कानस. मेणबत्तीच्या मागे उभी आहे.”

होती. लोखंड घासायची, लाकडी मुठीची, चपटी, मेणबत्तीच्या सावलीत बेमालूम मिसळलेली. क्लिक केलं, यादीतल्या नावावर काट बसली, टेबलाचा खण आपोआप उघडला आणि आतून अर्धी तुटलेली किल्ली निघाली.

“तू काय शोधत होतीस?”

“फाईल. कागदांची.”

“जादूगार फायलिंग कशाला करेल?” बाबा म्हणाले. जादूगाराला कानस तरी कशाला लागेल, हा प्रश्न त्यांना पडला नाही. कारखान्यात लेथ मशीनवर ३४ वर्षं काढलेल्या माणसाला कानस कुठेही असू शकते असंच वाटतं.

हिडन ऑब्जेक्ट गेम्सचा मला फार जुना नाद आहे. घरातले त्याला ‘तुझं ते वस्तू शोधायचं’ म्हणतात. २००५ साली ‘मिस्टरी केस फाइल्स: हंट्सव्हिल’ आला तेव्हा सगळा मामला सरळ होता: वस्तूंनी ठासून भरलेलं चित्र, बाजूला यादी आणि धावणारं घड्याळ. (त्या नावातली फाईल मात्र कागदाचीच.) पुढच्या वर्षी त्याच मालिकेत ‘रेव्हनहर्स्ट’ आला, त्यात दारादारांवर विचित्र कुलुपं आणि कोडी होती. २००८च्या ‘रिटर्न टू रेव्हनहर्स्ट’मध्ये तर आख्खं घरच हिंडायला मिळालं. इथे सापडलेली वस्तू तिथे वापरायची, मग तिथलं दार उघडायचं. आज या प्रकारातले बहुतेक गेम त्याच वाटेने जातात. पोलंडच्या ‘आर्टिफेक्स मुंडी’सारख्या कंपन्यांनी चित्रं फार देखणी केली, पण सांगाडा तोच आहे.

सध्या चालू असलेल्या गेमचं नाव सांगून उपयोग नाही. ही नावं सगळी एका साच्यातली असतात. आधी मालिकेचं नाव, मग दोन टिंबं, मग ‘शाप’, ‘सावली’ किंवा ‘वारसा’ यांपैकी काहीतरी, आणि शेवटी ‘कलेक्टर्स एडिशन’. गोष्ट चार ओळींची आहे. जादू शिकणाऱ्या एका मुलीचा गुरू बेपत्ता होतो. त्याच्या मनोऱ्यात सात मजले, प्रत्येक मजल्यावर कुलूप, आणि खलनायिका दर अर्ध्या तासाने धुरातून प्रकट होऊन ‘तू उशीर केलास’ म्हणते आणि परत धुरात जाते. बाबा तिला ‘सुपरवायझर’ म्हणतात.

त्यांना एवढा वेळ कसा मिळाला, तर उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, धुळीत जायचं नाही. हातोडीला हात लावू दिला नाही तर हा माणूस घरभर कुरकुरत फिरतो. डावा डोळा अजून व्हायचा होता. आणि इथेच मला एक गंमत कळली, जी इतकी वर्षं गेम खेळून कधी कळली नसती.

कानस सापडल्यावर दोन दिवसांनी आम्ही तळघरात होतो. औषधी अर्कांच्या बाटल्यांची फळी, आणि यादीत ‘जांभळी बाटली’. मला लगेच दिसली. बाबांनी उजवा डोळा झाकून डाव्याने पाहिलं आणि म्हणाले, “कुठे आहे जांभळी? ही तर तपकिरी.” मग डावा झाकून उजव्याने पाहिलं. थोडा वेळ गप्प. मग परत डावा. मग परत उजवा. जवळजवळ पाच मिनिटं त्यांचा हा खेळ चालू होता, खऱ्या गेमपेक्षा रंगलेला.

वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळट होत जातं आणि निळा-जांभळा प्रकाश अडवायला लागतं. हे इतकं सावकाश होतं की आपलं जग पिवळं झालंय हे त्या माणसाला समजतच नाही. ऑपरेशनमध्ये ते भिंग काढून स्वच्छ कृत्रिम भिंग बसवतात आणि निळा रंग एकदम अंगावर येतो. चित्रकार क्लोद मोने यांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन १९२३ साली झालं, तेव्हा त्यांनीही रंग भलतेच दिसत असल्याच्या तक्रारी केल्या होत्या. बाबांनी तक्रार केली नाही. ते फक्त म्हणाले, “म्हणजे इतकी वर्षं मी ही बाटली फळीच्या लाकडाच्याच रंगाची बघितली असती.”

आता हे गेम किती जांभळे असतात हे खेळणाऱ्यांना माहीतच आहे. मंत्र म्हटला की जांभळा धूर, दार उघडलं की निळा झोत, रात्र झाली की सगळा मनोरा निळसर. त्या दिवसापासून बाबांनी पद्धतच ठरवून टाकली: प्रत्येक चित्र आधी जुन्या डोळ्याने बघायचं, मग नव्याने, आणि ‘जे नव्याने जास्त दिसलं’ ते मला सांगायचं. भुताच्या झग्यावरचं निळं फुलपाखरू त्यांनी असंच पकडलं. मला ते दोन्ही डोळ्यांनी दिसलं नव्हतं.

शोधायच्या पद्धतीवरून आमचं पटत नाही. माझी नजर भिरभिरते. इकडे चमकलं, तिकडे टोक दिसलं, अशी मी उडत असते. बाबा पट्टे पाडून बघतात: वरचा डावा कोपरा, सरळ उजवीकडे, बोटभर खाली, परत डावीकडे. “मशीनवरून उतरलेला जॉब तपासताना तुझ्यासारखं बघितलं असतं तर एक ओरखडा सापडला नसता.” मला ते कंटाळवाणं वाटायचं. पण या गेमच्या चित्रकारांना माझ्यासारखीच गिऱ्हाइकं हवी असतात. मानसशास्त्रज्ञ ॲन ट्रीझमन यांनी १९८० साली सहकाऱ्याबरोबर एक सिद्धांत मांडला होता. हिरव्या ढिगात एकच लाल वस्तू असेल तर ती आपण होऊन डोळ्यात भरते, ढीग कितीही मोठा असो. पण रंग आणि आकार दोन्ही जुळवून बघायची वेळ आली, म्हणजे लाल चौकोन आणि हिरवी वर्तुळं यांच्यातून लाल वर्तुळ काढायचं असेल, तर मेंदूला एकेक वस्तू तपासत जावं लागतं, आणि वस्तू वाढल्या की वेळही वाढतो. हिडन ऑब्जेक्टचं चित्र काढणारा नेमकं हेच साधतो. हिरवं पीस हिरव्या पडद्यावर, पितळी चावी पितळी झुंबरात. डोळ्यात भरण्यासारखं काही ठेवतच नाही. मग पट्टे पाडणाराच जिंकतो. हे मी बाबांना अजून कबूल केलेलं नाही.

आकारमानात मात्र सरळसरळ लबाडी असते. कपाटात बोटाएवढी शिडी, टोपलीत घोडा, पुस्तकाच्या पाठीवर जहाजाचा नांगर. बाबांना हे अजिबात चालत नाही. “एवढीशी शिडी कोण करतं? खेळण्यातली म्हणा.” पण यादीत खेळण्यातली असं लिहीत नाहीत, आणि बाबा दर वेळी न चुकता ही हरकत नोंदवतात.

खरी मजा नावांची. यादी इंग्रजीत. बाबांना हत्यारांची इंग्रजी नावं कारखान्यातून माहीत, बाकीची नाहीत. मला बाकीची इंग्रजी नावं माहीत, पण हत्यारं एकही धड ओळखता येत नाही. त्यामुळे मी मोठ्याने वाचायचं आणि आम्ही दोघांनी मिळून मराठीत आणायचं, असं ठरलं. ॲन्व्हिल म्हणजे ऐरण. बेलोज म्हणजे भाता. हिंज म्हणजे बिजागरी, फनेल म्हणजे नरसाळं, ऑगर म्हणजे गिरमिट. ‘प्लम बॉब’ वाचून मी फळ शोधत होते. तो ओळंबा निघाला, भिंत उभ्या रेषेत आहे का बघायचा, दोरीला बांधलेला. एकदा मी वाचलं, “ऑल.” बाबा म्हणाले, “सगळं?” नाही, ती आरी होती, चामड्याला भोकं पाडायची.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली. जोवर मी ‘ऑगर’ शोधत होते तोवर डोळ्यांपुढे काहीच नव्हतं, नुसती अक्षरं. बाबांनी ‘गिरमिट’ म्हटलं, हाताने पिळल्यासारखं करून दाखवलं, आणि पुढच्या क्षणी ते मला पडद्याच्या दांडीला समांतर लटकलेलं दिसलं. चित्र तेच, डोळे तेच.

उलटंही झालं. ‘क्रेन’ आल्यावर बाबा खुशीत आले. पडक्या मनोऱ्याचं चित्र होतं, दगड वर चढवायचं यंत्र असणारच. त्यांनी पट्टे पाडले, दोन्ही डोळे वापरले, दोनदा दोऱ्यांवर क्लिक करायला लावलं. क्रेन पडद्यावरच्या नक्षीत होता. क्रौंच पक्षी, एका पायावर उभा. फाईलची परतफेड झाली म्हणून मी इतकी हसले की आई आतून बघायला आली. ‘गार्गॉइल’ला आमच्या दोघांकडेही शब्द नव्हता. मी समजावून सांगितलं की छपराच्या कडेला दगडी राक्षस बसवतात, पावसाचं पाणी त्याच्या तोंडातून बाहेर पडतं. “म्हणजे पन्हळ,” बाबा म्हणाले. विषय संपला. आता खलनायिकेच्या किल्ल्यावर बारा पन्हळी पंख पसरून बसल्या आहेत.

कोड्यांकडे वळते, कारण जादू खरी तिथेच असते. पहिल्या मजल्यावर नऊ स्फटिकांचं दार होतं. तीन ओळी, ओळीत तीन. एकावर क्लिक केलं की तो आणि त्याचे वरचे, खालचे, बाजूचे शेजारी उलटतात: पेटलेले विझतात, विझलेले पेटतात. सगळे पेटवायचे. मी असल्या कोड्यांत मांजरासारखी पंजे मारते आणि थोड्या वेळाने ‘स्किप’ दाबते. बाबांनी कागद घेतला. अर्ध्या तासाने म्हणाले, “एकाच स्फटिकावर दोनदा दाबण्यात अर्थ नाही, केलेलं पुसलं जातं. आणि आधी कुठला, नंतर कुठला यानेही काही फरक पडत नाही.” दोन्ही बरोबर. म्हणजे प्रश्न उरतो फक्त कोणते दाबायचे एवढाच, आणि नऊ स्फटिकांचे एकूण प्रकार होतात ५१२. त्यातला एकच योग्य. पण ५१२ करून बघायची गरज नाही. वरच्या ओळीत काय दाबायचं याचे आठच प्रकार. ते एकदा ठरलं की वर जे विझलेलं राहिलं त्याच्या बरोबर खालचा दाबायचा, तसंच पुढच्या ओळीत. खालच्या दोन ओळींना स्वतःचं मतच नसतं. सहाव्या प्रयत्नात दार उघडलं. “यात जादू कुठे आहे? साधं खटक्याचं कुलूप आहे,” हे त्यांचं मत, आणि चेहरा मात्र मंत्र सिद्ध झाल्यासारखा.

मंत्राक्षरांचं कोडं माझं. माउस न उचलता, एकाही रेषेवरून दोनदा न जाता आकृती काढायची. बाबा तीन रात्री त्यावर अडले होते. ज्या बिंदूत विषम संख्येने रेषा मिळतात असे बिंदू मोजायचे. ते दोन असतील तर एकावरून निघून दुसऱ्यावर संपवायचं. एकही नसेल तर कुठूनही सुरू करा. दोनपेक्षा जास्त असतील तर सोडून द्या, ते होणारच नाही. क्योनिग्सबर्ग शहरातले सातही पूल एकेकदाच ओलांडून फिरता येईल का, या प्रश्नात १७३६ साली गणितज्ञ ऑयलरने हेच दाखवलं होतं. मी तीस सेकंदांत तिन्ही अक्षरं काढली. बाबांनी अभिनंदन केलं नाही, पण दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राच्या कडेला आकृत्या काढलेल्या सापडल्या.

चौथ्या मजल्यावरची किमयागाराची खोली मला सगळ्यात आवडली. सात वाट्यांत सात धातू, भिंतीत ग्रहांच्या खुणांचे सात कोनाडे. युरोपातल्या किमयागारांनी प्रत्येक धातू एकेका ग्रहाला वाहिला होता: सोनं सूर्याला, चांदी चंद्राला, लोखंड मंगळाला, पारा बुधाला, कथील गुरूला, तांबं शुक्राला, शिसं शनीला. जोड्या भिंतीवरच्या चित्रात होत्या, पण वाट्यांवर नावं नव्हती. आणि क्रमासाठी संकेत एवढाच: ‘दिवसामागून दिवस’.

धातू बाबांनी चित्रावरूनच ओळखले. पारा सोपा, थेंब गोल होऊन बसला होता. कथील आणि शिसं दोन्ही मला राखाडीच दिसत होते. “शिसं ताजं कापलं तरच चकाकतं, मग काळवंडतं. हा निळसर मरगळलेला तुकडा शिशाचा. शेजारचा पांढरा तो कथील.” निळसर हे अर्थात नव्या डोळ्याने.

मी क्रमाच्या मागे लागले होते. दिवसामागून दिवस म्हणजे पौर्णिमा की काय, उगवत्या सूर्याचं काही आहे का, एखादी दिनदर्शिका लपवलीय का. मनोऱ्यात वर-खाली दोन फेऱ्या मारल्या. बाबा शांतपणे म्हणाले, “अगं, वार आहेत ते. रवि, सोम, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी.”

मी स्क्रीनकडे बघतच राहिले. सोनं, चांदी, लोखंड, पारा, कथील, तांबं, शिसं. भिंत सरकली. इंग्रजीत विचार करत बसलं की ‘ट्यूजडे’मध्ये मंगळ दिसत नाही, तो टिव या जुन्या जर्मॅनिक युद्धदेवाच्या नावाखाली दडलाय. आपल्या वारांत ग्रह उघडेच बसलेत, आणि आपण रोज त्यांची नावं घेतो.

तक्रारीही आहेत. पहार एकदा वापरली की मोडते. “एका फळीने पहार मोडते?” हा प्रश्न बाबा मोडलेल्या प्रत्येक वस्तूगणिक विचारतात. जवळ धारदार चाकू असतो, समोर दोर असतो, पण गेमला कात्रीच हवी असते. ती दोन मजले वर, बंद पेटीत, आणि पेटीची किल्ली विहिरीत. खेळणाऱ्याच्या पिशवीत फार वस्तू साठू नयेत म्हणून हे करतात, हे मी समजावलं. “मग चाकू द्यायचाच नाही,” ते म्हणाले. बरोबर आहे. आणि हिंटचं बटण त्यांच्या देखत दाबता येत नाही. ते बटण म्हणजे एक स्फटिकगोळा आहे, भरला की लुकलुकतो. बाबा त्याच्याकडे शेजाऱ्याच्या लाडावलेल्या मुलाकडे बघावं तसं बघतात.

मनोरा आम्ही सर केला. सुपरवायझर आरशात कोंडली गेली, गुरू सुटला. तो इतका वेळ घुबड होता, हे आम्ही दुसऱ्याच मजल्यावर ओळखलं होतं. पण एक काम राहिलं. या गेममध्ये ३० ‘रूप बदलणाऱ्या’ वस्तू विखुरलेल्या आहेत. काही सेकंदांनी त्या क्षणभर दुसऱ्याच होतात: फुलदाणीची कवटी, पणतीचं बेडूक, आणि परत जशाच्या तशा. आमच्या २९ झाल्या. नकाशावरून जुन्या खोल्यांत परत जाता येतं, म्हणून बाबा रोज जेवणानंतर एकेक खोली घेतात. मधल्या काळात डाव्या डोळ्याचंही ऑपरेशन झालं. आता तुलना करायला जुना डोळा उरला नाही, याची त्यांना थोडी चुटपुट लागली आहे. जांभळी बाटली आता दोन्हीकडून जांभळीच दिसते.

कलेक्टर्स एडिशनबरोबर सगळी उत्तरं असलेली मार्गदर्शिका येते. परवा रात्री ते झोपल्यावर मी ती उघडली. तिसावी वस्तू आहे अभ्यासिकेत, जमिनीवरच्या कागदांच्या ढिगात. एका पाकिटावरची लाखेची मोहोर दर आठ-दहा सेकंदांनी भुंगा होते. ज्या कागदांवर मी पंधरा मिनिटं क्लिक करत होते, तेच कागद.

अभ्यासिका बाबांनी पहिल्याच दिवशी तपासून बाद केली आहे. “तिथे कागदच आहेत सगळे.” काल ते गच्चीवर होते, वरच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरुवात. आज घंटाघर आहे. मी काही बोललेले नाही.